केनियात माध्यमस्वातंत्र्य घटनेत आहे, मग चॅनेल बंद कसे पडतात?

प्रश्न पुण्यात पत्रकारिता शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिच्या प्रबंधाचा विषय आफ्रिकेतलं माध्यमस्वातंत्र्य. ती विचारते : केनियाच्या २०१०च्या घटनेत माध्यमांना स्वतंत्र अनुच्छेदाचं संरक्षण आहे, आपल्याकडे तर तेवढंही नाही. मग तिथे टीव्ही चॅनेल बंद का पाडले जातात, पोस्ट लिहिणाऱ्याला अटक का होते? संरक्षण खरं की मर्यादा खऱ्या? आणि अभ्यास कुठून सुरू करावा?

मी एकोणीस वर्षं नैरोबीत राहते. त्यातली बहुतेक वर्षं बातमी छापून जाण्याआधी कायद्याच्या नजरेने वाचण्यात गेली. संध्याकाळी सहा ते रात्री दहा, समोर पानाचं प्रूफ आणि हातात पेन्सिल. त्यामुळे पुस्तकी उत्तर कमी आणि टेबलावरचं जास्त देते.

आधी थोडक्यात. संरक्षण खरं आहे. केनियाच्या कोर्टांनी त्याच्या जोरावर एकामागून एक कलमं रद्द केली आहेत. अडचण वेगळीच आहे. तिथे मर्यादा आधी अंमलात येते आणि ती योग्य होती का, हे नंतर ठरतं. चॅनेल दुपारी बंद पडतं आणि निकाल काही तासांनी, काही दिवसांनी, कधी काही वर्षांनी येतो. त्यातच एका कायद्यातून खोडलेलं कलम दुसऱ्या कायद्यात नव्या नावाने परत येतं. या दोन गोष्टी धरल्या की बाकीचं चित्र उलगडत जातं.

घटनेत तीन अनुच्छेद एकत्र वाचायचे : ३३, ३४ आणि २४. अनुच्छेद ३३ प्रत्येक माणसाला अभिव्यक्तिस्वातंत्र्य देतो आणि चार गोष्टी त्यातून बाहेर ठेवतो : युद्धाचा प्रचार, हिंसेला चिथावणी, द्वेषमूलक भाषण आणि वांशिक किंवा भेदभावावर आधारलेला द्वेष पसरवणं. अनुच्छेद ३४ माध्यमांचा. छापील, ध्वनी, दृक्‌श्राव्य, सगळ्याच माध्यमांचं स्वातंत्र्य त्यात आहे. प्रसारण, प्रकाशन, वितरण करणाऱ्याच्या कामात सरकारने ढवळाढवळ करायची नाही आणि मतासाठी कुणाला शिक्षा करायची नाही, असं त्यात सरळ म्हटलंय. प्रसारणाच्या लहरी (फ्रीक्वेन्सी) मर्यादित असतात म्हणून परवान्याला मुभा आहे, पण परवाना देणारी यंत्रणा सरकार, राजकारण आणि धंदा या तिन्हींपासून स्वतंत्र हवी. सरकारी मालकीच्या माध्यमांनीही संपादकीय निर्णय स्वतः घ्यायचे आणि विरोधी मताला जागा द्यायची.

आपल्याकडे घटना समितीत वृत्तपत्रांसाठी वेगळं कलम हवं अशी मागणी झाली होती. संपादक हा शेवटी नागरिकच आहे, तो आपला नागरिकाचाच हक्क वापरतो, म्हणून वेगळ्या उल्लेखाची गरज नाही, असं डॉ. आंबेडकरांचं उत्तर होतं. केनियाने उलट वाट धरली. का धरली ते पुढे सांगते.

मला विचाराल तर तिघांतला सर्वांत मोलाचा अनुच्छेद २४ आहे, आणि विद्यार्थी नेमका तोच गाळतात. हक्कावर मर्यादा घालायची तर ती कायद्यानेच घालायची. मर्यादा किती आणि कशासाठी, हे त्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. मानवी प्रतिष्ठा, समता आणि स्वातंत्र्य मानणाऱ्या खुल्या लोकशाही समाजात ती वाजवी ठरली पाहिजे. कमी जाचक उपाय हाताशी होता का, हेही बघायचं. आणि हे सगळं पटवून द्यायची जबाबदारी मर्यादा घालणाऱ्यावर. पत्रकाराने ‘मी निर्दोष आहे’ हे सिद्ध करायचं नाही, सरकारने ‘हे बंधन गरजेचं होतं’ हे सिद्ध करायचं. केनियाच्या कोर्टात मी सरकारी बाजूला हरताना बघितलं, ते बहुतेक वेळा याच पायरीवर. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द उच्चारले की काम भागेल, असं त्यांना वाटत असतं.

आता अनुच्छेद ३४ची गरज का पडली. वसाहतीच्या काळात राजद्रोहाचं कलम सढळ हाताने वापरलं जाई. नैरोबीत ‘कलोनियल टाइम्स’ चालवणारे गिरधारीलाल विद्यार्थी त्यापायी तुरुंगात गेले. पिओ गामा पिंटो यांचं नाव गोव्याच्या वाचकांना तरी ठाऊक असावं. १९२७ साली नैरोबीत जन्मलेले, गोवेकर आईबापांचे. शिक्षण भारतात झालं, गोव्याच्या मुक्तीसाठी काम केलं, मग केनियात परतून ‘डेली क्रॉनिकल’चं संपादन. १९५४मध्ये ब्रिटिशांनी त्यांना स्थानबद्ध केलं ते १९५९पर्यंत. देश स्वतंत्र झाला आणि २४ फेब्रुवारी १९६५ला नैरोबीत घराच्या फाटकाजवळ गाडीतच त्यांना गोळ्या घातल्या. लहान मुलगी गाडीत होती. या देशात पत्रकारितेची किंमत किती, हे मला कुणी विचारलं तर मी कलमांच्या आधी या माणसाबद्दल सांगते.

राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोईंच्या काळात नियतकालिकांवर बंदी आणि संपादकांना अटक हे नित्याचंच झालं होतं. ‘नैरोबी लॉ मंथली’चे गिटोबू इमान्यारा राजद्रोहाच्या आरोपाखाली आत गेले. राजद्रोहाचं कलम १९९७मध्ये काढून टाकलं गेलं. जुन्या घटनेत अभिव्यक्तीचा हक्क होता, पण त्याला इतके अपवाद जोडलेले होते की हाती काहीच उरत नसे. २ मार्च २००६च्या रात्री बुरखाधारी पोलिसांनी ‘स्टँडर्ड’ दैनिकाच्या छापखान्यावर आणि केटीएन वाहिनीवर धाड घातली, छापलेले अंक जाळले, प्रक्षेपण बंद पाडलं. अंतर्गत सुरक्षामंत्री जॉन मिचुकी तेव्हा म्हणाले होते की सापाला डिवचलंत तर दंशाची तयारी ठेवा. ज्यांनी पुढे २०१०ची घटना घडवली त्यांच्या डोळ्यांसमोर ते जळालेले गठ्ठे होते. ‘नागरिकाचा हक्क तोच संपादकाचा हक्क’ एवढ्यावर त्यांचं समाधान होणं शक्यच नव्हतं. छापखाना, मनोरा, वितरण अशा यंत्रणेलाच संरक्षण देणं त्यांना भाग होतं.

दुसरी आठवण याच्या उलट बाजूची, आणि तीही तितकीच खरी. डिसेंबर २००७च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचारात अकराशेहून अधिक माणसं मेली, लाखो बेघर झाली. स्थानिक भाषांतल्या काही रेडिओ केंद्रांनी शेजाऱ्याला शेजाऱ्यावर घातलं, असा आरोप झाला. कालेंजिन भाषेतल्या कास एफएमचे निवेदक जोशुआ अराप सांग यांच्यावर थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटला चालला. एप्रिल २०१६मध्ये पुरावा अपुरा म्हणून तो थांबला. पण एका रेडिओ निवेदकावर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा आरोप ठेवला जाऊ शकतो, हे त्यातून सगळ्या आफ्रिकेला दिसलं. अनुच्छेद ३३मधले अपवाद त्या रक्तातून आले आहेत. त्यांना केवळ सेन्सॉरशिप म्हणून झटकणाऱ्यांशी माझं जमत नाही. २००८च्या राष्ट्रीय एकात्मतेच्या कायद्यात वांशिक द्वेषाच्या भाषणाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा लाख शिलिंगपर्यंत दंड आहे. मायक्रोफोन हातात घेणाऱ्याला तेवढी जाणीव असलीच पाहिजे.

फौजदारी कलमांकडे वळू. प्रबंधाचा गाभा इथे ठेवा.

डिसेंबर २०१४मध्ये अल-शबाब या सोमालियातल्या दहशतवादी गटाच्या हल्ल्यांच्या पार्श्वभूमीवर सरकारने सुरक्षा कायद्यांत घाईघाईने दुरुस्त्या केल्या. दंडसंहितेत ६६-अ नावाचं नवं कलम घातलं : लोकांत घबराट पसरवू शकेल असा मजकूर किंवा मृत-जखमींची छायाचित्रं संमतीविना प्रसिद्ध केली तर मोठा दंड आणि कैद. २३ फेब्रुवारी २०१५ला उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ते रद्द केलं. योगायोग असा की महिन्याभराने, २४ मार्चला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ रद्द केलं. पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदवरच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, त्या प्रकरणातून सुरू झालेली ती याचिका. क्रमांक एकच, कायदे वेगळे, रोग मात्र एकच : शब्द इतके सैल की त्यात कुणालाही अडकवता यावं.

एप्रिल २०१६मध्ये न्यायमूर्ती मुंबी न्गुगी यांनी दूरसंचार कायद्याचं कलम २९ रद्द केलं. ‘अत्यंत आक्षेपार्ह’, ‘अश्लील’, ‘धमकीवजा’ संदेश पाठवणं हा त्यात गुन्हा होता आणि यातल्या एकाही शब्दाची व्याख्या नव्हती. फेब्रुवारी २०१७मध्ये न्यायमूर्ती जॉन मातिवो यांनी दंडसंहितेचं कलम १९४, म्हणजे फौजदारी बदनामी, घटनाबाह्य ठरवलं. अब्रू गेली तर दिवाणी दावा लावून भरपाई मागता येते, मग तुरुंग कशाला, हा तर्क. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ महिने आधीच नेमका उलटा निर्णय देऊन फौजदारी बदनामी कायम ठेवली होती. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा, तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण त्यातच होईल. एप्रिल २०१७मध्ये ‘सरकारी अधिकाऱ्याच्या अधिकाराला कमीपणा आणणं’ हा गुन्हाही गेला.

इथवर वाचलं की वाटतं, लढाई जिंकली. आणि मग मे २०१८मध्ये संगणक गैरवापर व सायबर गुन्हे कायदा आला. त्याचं कलम २२ खोटी माहिती खरी म्हणून प्रसिद्ध करण्याबद्दल : ५० लाख शिलिंगपर्यंत दंड किंवा दोन वर्षं कैद. कलम २३ त्याहून कडक. खोट्या माहितीमुळे घबराट, गोंधळ, हिंसा होण्याबद्दल ते आहे, पण त्याच ओळीत आणखी काही शब्द बसवलेत : ‘किंवा एखाद्या व्यक्तीच्या प्रतिष्ठेला बाधा येण्याची शक्यता असेल’. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. म्हणजे पंधरा महिन्यांपूर्वी कोर्टाने पुढच्या दाराने बाहेर काढलेली फौजदारी बदनामी मागच्या दाराने आत आली आणि येताना शिक्षा कितीतरी पट वाढवून आली. ते विधेयक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा या शब्दांखाली पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या होत्या. ती प्रत अजून माझ्याकडे आहे.

कायद्याची २६ कलमं कोर्टाने त्याच महिन्यात स्थगित केली, पण २० फेब्रुवारी २०२०ला उच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला आणि मामला अपिलात गेला. ऑक्टोबर २०२५मध्ये कायद्यात दुरुस्त्या झाल्या, त्यांतल्या काहींनाही लगेच स्थगिती मिळाली. प्रबंधात या कलमांबद्दल लिहाल त्या दिवशी अपिलाची ताजी स्थिती बघूनच लिहा.

जून २०२५मध्ये अल्बर्ट ओज्वांग या तरुण शिक्षक-ब्लॉगरला पोलिसांनी होमा बे इथल्या घरून उचलून शेकडो किलोमीटर दूर नैरोबीला आणलं. एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याबद्दल एक्सवर खोटी माहिती प्रसिद्ध केल्याची तक्रार होती. दुसऱ्या दिवशी तो कोठडीत मेला. त्याने स्वतःच भिंतीवर डोकं आपटलं असं पोलीस म्हणाले, शवविच्छेदनातून तसं निघालं नाही. ‘खोटी माहिती’ हा गुन्हा कागदावर कितीही नीट मांडला, तरी हातात बेड्या घेऊन दाराशी येणारा माणूस अनुच्छेद २४ वाचून येत नाही. म्हणून अशी कलमं मुळातच नसावीत, असं माझं ठाम मत आहे.

दिवाणी अब्रुनुकसानीबद्दल लिहिताना मात्र मी इतकी तावातावाने बोलत नाही. हा कायदा असलाच पाहिजे. पण त्यात एक सापळा आहे, बाहेरून येणाऱ्याला तो दिसत नाही. केनियाच्या अब्रुनुकसानी कायद्यात १६-अ हे कलम आहे. तुमच्या बातमीने कुणावर देहान्त शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप होत असेल तर किमान भरपाई दहा लाख शिलिंग. तीन वर्षं किंवा त्याहून जास्त कैदेच्या गुन्ह्याचा आरोप होत असेल तर किमान चार लाख. कमाल नाही, किमान. न्यायाधीशाला वाटलं तरी त्याखाली जाता येत नाही. लहान वृत्तपत्राचं कंबरडं मोडायला अशी दोन प्रकरणं पुरतात.

टेबलावरचं एक उदाहरण देते. एका काउंटीतल्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) रुग्णालयाच्या खरेदीची बातमी आली होती. वार्ताहर तरुण, मेहनती, कागदपत्रं सगळी जोडलेली. पहिलंच वाक्य : ‘अधिकाऱ्याने ८० लाख शिलिंग लाटले.’ मी त्याला विचारलं, लाटताना कुणी पाहिलं? तो म्हणाला, लेखापरीक्षणात आहे. लेखापरीक्षणाचं पान उघडलं. तिथे एवढंच होतं की ८० लाखांच्या खर्चाची कागदपत्रं तपासणीसाठी मिळाली नाहीत. आम्ही ‘लाटले’ खोडलं आणि अहवालाचं वाक्य जसंच्या तसं त्यांच्या नावाने घेतलं. संसदेपुढे ठेवलेल्या अहवालाचा प्रामाणिक, अचूक वृत्तांत देण्याला कायद्याचं कवच असतं, कोर्टाच्या कामकाजाच्या वृत्तांतालाही असतं. मग अधिकाऱ्याला फोन लावला, त्याने उत्तर दिलं नाही, आणि फोन कधी व किती वेळा केला हेही बातमीत घातलं. नोटीस आली, दावा झाला नाही. वाचकाला हवं ते सगळं कळलं होतं. आरोपाचं क्रियापद आपलं ठेवायचं नाही, कागदाचं ठेवायचं. ही गोष्ट मी दर जानेवारीत नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते.

दावा लावायची मुदत फक्त बारा महिने असते, त्यामुळे बातमीच्या टिपणवह्या आणि ध्वनिमुद्रणं निदान दीड वर्ष सांभाळून ठेवायची. वर्तमानपत्र काढायला दहा लाख शिलिंगचा बाँड लागतो, तो २००२च्या दुरुस्तीतून आला आणि छोट्यांना जड जातो. सरकारी जाहिरातींची नाडीही हातात असतेच. मार्च २०२४मध्ये सरकारी खात्यांना आदेश गेला की प्रसारणाच्या जाहिराती फक्त केबीसी या सरकारी प्रसारण संस्थेला द्या. तेही कोर्टात गेलं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, चॅनेल बंद कसे पडतात. उत्तर अगदी भौतिक आहे : मनोऱ्यापाशी जाऊन बटण दाबून. ३० जानेवारी २०१८ला विरोधी नेते राइला ओडिंगांनी नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये ‘जनतेचे अध्यक्ष’ म्हणून शपथ घेतली. सिटिझन, एनटीव्ही आणि केटीएन ते थेट दाखवत होते. सकाळीच तिन्ही पडदे काळे झाले. आदल्या दिवसांत संपादकांना बोलावून हे दाखवू नका म्हणून सांगितलं गेलं होतं, ते संपादक संघटनेने जाहीरही केलं होतं. एनटीव्हीच्या तीन पत्रकारांनी अटकेच्या भीतीने ३१ जानेवारीची रात्र न्यूजरूममध्येच काढली. १ फेब्रुवारीला न्यायमूर्ती चाचा म्विता यांनी वाहिन्या सुरू करण्याचा आदेश दिला. एनटीव्ही आणि केटीएन ५ तारखेला परतले, सिटिझन ८ तारखेला. मधल्या दिवसांत आदेश होता, घटना होती, अनुच्छेद ३४ होता, आणि पडदा काळा होता.

दुसरी वेळ २५ जून २०२५. वर्षभरापूर्वी याच तारखेला वित्त विधेयकाविरुद्ध तरुण संसदेत घुसले होते, त्यात मेलेल्यांच्या स्मरणार्थ मोर्चे निघाले. दूरसंचार प्राधिकरणाने मोर्चांचं थेट प्रक्षेपण थांबवा असा लेखी आदेश काढला. त्यात आधार म्हणून दिले होते अनुच्छेद ३३(२) आणि ३४(१). म्हणजे २००८च्या रक्तातून आलेला तो अपवाद इथे पडदा पाडायला वापरला. चिथावणी कुणी दिली, कोणत्या वाक्यात दिली, काही नाही. मोर्चा दाखवणं हीच चिथावणी, असा अर्थ लावला गेला. मी मघाशी त्या अपवादाची बाजू घेतली, म्हणूनच हे मला जास्त लागलं. एनटीव्ही, केटीएन आणि के२४ बंद झाले. वकील संघटना धावली आणि त्याच दिवशी त्याच न्यायमूर्ती म्वितांनी आदेशाला स्थगिती दिली.

आता अभ्यासाची सुरुवात. अनुच्छेदांपासून करू नका. एका कोऱ्या कागदावर या दोन घटना शेजारी मांडा : बंद कधी केलं, कुणाच्या सहीने, कोणता कायदा दाखवून, याचिका कुणी केली, आदेश कधी आला, पडदा परत कधी उजळला. याचिका कुणी केली हा रकाना गाळू नका. अनुच्छेद २२ मुळे लोकहितासाठी कुणीही उच्च न्यायालयात जाऊ शकतो आणि अशी याचिका सुरू करायला शुल्क लागत नाही. २०१८मध्ये एकटा कार्यकर्ता, ओकिया ओम्तातह, कोर्टात गेला होता. २०२५मध्ये वकील संघटना गेली. आणि पडदा उजळायला लागलेला वेळ तासांत मोजा, दिवसांत नको.